खुंटीची कावीळ

आई, तुझी माळ मी खुंटीला घातली. माणसाला नाही, खुंटीला. आपल्या सांगवीच्या ओट्यावरची ती खुंटी, जिला तू असताना कंदील असायचा आणि आता ट्रॅक्टरची किल्ली असते, तिला. चारचौघांत, भर रविवारी घातली. तुला राग येणार हे मला ठाऊक आहे. येऊ दे. तू गेलीस तेव्हा मी इंदापूरला डीएडच्या पहिल्या वर्षाला होते आणि आता माझ्या रिटायरमेंटला थोडीच वर्षं राहिलीत. एवढ्या काळात तुझी आठवण काढून रडणं झालं, तुझे कढीगोळे करून बघणं झालं, ते कधी तुझ्यासारखे झाले नाहीत हेही झालं. पण तुझ्याशी एकदा कडकडून भांडायचं तेवढं राहून गेलं. ते आज करते.

रविवार म्हटलं की अजून मला तूच दिसतेस. उजाडायच्या आत तू कालव्याच्या बाजूला गेलेली असतेस. वाटेत कुणी भेटलं तर तोंडानं बोलायचं नाही, नुसता हात वर करायचा. तोडलेल्या काड्यांवर सावली पडू द्यायची नाही. पदरात ओली जुडी घेऊन तू परत येतेस तोवर ओट्यावर माणसं बसलेली. कुणी पिंपळीहून आलेलं, कुणी नीरेच्या पलीकडून, कुणाच्या खांद्यावर पिवळं पडलेलं पोर. तू काड्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करतेस, दुहेरी दोऱ्यात एकेक गाठ मारत ते ओवतेस, टोपीएवढं कडं करून माणसाच्या डोक्यावर ठेवतेस आणि म्हणतेस, "ही उतरंल तशी कावीळ उतरंल. तेलकट खाऊ नगा, उन्हात जाऊ नगा, पडून ऱ्हावा." आणि ती उतरायची. डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून छातीवर, मग पोटावर, शेवटी लांबत लांबत पायाशी. पायातून काढायची आणि कालव्यात सोडायची. हातावर कुणाकडून काही घ्यायचं नाही. आल्याला नाही म्हणायचं नाही. आणि काड्या कशाच्या ते कुणाला सांगायचं नाही, सांगितलं की गुण जातो. घेटुळीच्या, आई. बांधावरची घेटुळी, जी शेरडं खातात ती. लिहिलं बघ. आभाळ काही कोसळलं नाही.

मग तुझ्यावरच माळ घालायची पाळी आली. तू चुलीपुढं बसून भाकरी थापतेस, पोट घड्यासारखं पुढं आलंय आणि हात मात्र काटक्या झालेत, डोळे पिवळेजर्द. देणाऱ्यानं स्वतःला माळ बांधायची नसते, म्हणून त्या दिवशी तू मला जवळ बसवून गाठ शिकवलीस. मी मारलेली पहिली गाठ बघून तू माझ्या हातावर चापट मारलीस. "बाय, करकचून मारतीस व्हय? सरकंल अशी मार." मी सरकेल अशी मारली. तुझ्या डोक्यावर माळ मी ठेवली आणि ती उतरली, पार पायाशी उतरली. तात्यांनी आळीत गूळ वाटला. आपले तात्या, ज्यांनी सणालासुद्धा कधी हात सैल सोडला नाही, ते घरोघर गुळाचा खडा देत सांगत सुटले, "उतरली बरं का, उतरली!" तुझा धाकटा लेक त्यांच्या मागं ताट धरून. तुझे डोळे मात्र होते तसेच होते. आम्ही माळ बघत होतो गं, डोळे कुणी बघितलेच नाहीत.

बारामतीला तुला नेलं तेव्हा उशीर झाला होता. तिथला डॉक्टर म्हातारा होता, भला असेल, पण कागदावरून मान वर न काढता त्यानं तात्यांना पहिला प्रश्न विचारला, "बाई दारू घेतात का?" सगळी बाकं आपल्याकडं बघायला लागली. धाकटा तेव्हा हाफ चड्डीत, माझा हात धरून उभा. त्याची बोटं माझ्या मनगटात रुतलेली मला आठवतात. आणि तू हसलीस. "दारू? आवो, मला ताक चढतंय." मग त्यानं सोनोग्राफी केली आणि सांगितलं की लिव्हर वाळून खडबडीत झालंय आणि त्यात गाठ आहे, मोठी आहे, घरी न्या. परतीच्या एसटीत तू खिडकीशी बसून शेंगा खाल्ल्यास, टरफलं पदरात गोळा केलीस. मी तुझ्याकडं बघायचं टाळत होते.

घरी आत्या आलेली. तिनं तुझ्याकडं एकदा बघितलं आणि निकाल देऊन टाकला. "लोकांची कावीळ उतरवून उतरवून हिनं सोताच्या अंगावर घेतली. जायची कुठं ती? एवढी शेकड्यानं उतरवलीस, ती कुणाच्यात तरी शिरणारच की." मला वाटलं तू आता तिला फाडून खाणार. तुझी जीभ काही लेचीपेची नव्हती. पण तू भाकरी उलटलीस आणि शांतपणे म्हणालीस, "व्हय वन्सं, घेतली म्यां. कुणी तरी घ्यायलाच पायजे." हे तू का म्हणालीस गं? इतकी वर्षं मला ते वाक्य बाभळीच्या काट्यासारखं खुपतंय. तू हो म्हणालीस म्हणून ते खरं झालं. गावानं ते उचललं, तुझ्या दहाव्याला ते भटजीनंसुद्धा सांगितलं, आणि आपल्या घरात तर ते देव्हाऱ्यातल्या टाकासारखं बसलं. जो माळ देतो, तो कावीळ घेतो.

तुझ्यामागं माळ मी दिली. लग्न होऊन लासुर्ण्याला आले, झेडपीच्या शाळेत लागले, आठवडाभर पोरांना फळ्यावर पचनसंस्था शिकवायची आणि रविवारी घेटुळीच्या काड्या. हसू नकोस. माणसं तुझं नाव घेऊन यायची, "त्या सांगवीच्या बाईंची ल्येक तुमीच का?" म्हणत. तेवढ्यावर मी विरघळायचे. सासूबाई म्हणायच्या, सोड ते, आईसारखं घेऊन बसशील. मी म्हणायचे, बघू.

आणि घेऊन बसले की! पोटात दुखतंय म्हणून बारामतीला गेले, पित्ताचे खडे असतील म्हणून सोनोग्राफी केली, तर खडे नाहीत, लिव्हर खडबडीत. सिरोसिस. शुगर होती, वजन होतं, चरबी साठून साठून लिव्हर आतून घट्ट होत गेलेलं, आणि मला पत्ता नाही. लासुर्ण्यात एका दिवसात बातमी झाली. मास्तरीणबाईंनीपण घेतली. शाळेतल्या स्वयंपाकाच्या मावशी डोळे पुसत म्हणाल्या, "बाई, तुमचा हात देवाचा होता वो." होता! मी समोर उभी, डबा खातेय, आणि ही मला होता म्हणतेय. मी म्हटलं, मावशी, आमटी वाढा अजून थोडी, मी अजून आहे.

बारामतीची आत्ताची डॉक्टरीण माझ्या लेकीच्या वयाची आहे. तिनंही दारूचं विचारलं, पण शेवटी, आणि माझ्याकडं बघून. पहिला प्रश्न तिनं विचारला तो असा, "घरात आणखी कुणाला लिव्हरचा त्रास होता का?" आई, एवढंच त्या म्हाताऱ्यानं विचारायला हवं होतं. मी तुझं सगळं सांगितलं, माळेसकट. ती हसली नाही. म्हणाली, नेहमी आम्ही ही तपासणी करत नाही, पण तुमच्या आईंचं ऐकून वाटतं, करावी. रक्त पुण्याला पाठवलं. रिपोर्ट आल्यावर तिनं मला खुर्ची जवळ ओढायला सांगितली. "मॅडम, प्रत्येकाच्या पेशीत एक लिखाण असतं, आईकडून एक प्रत, वडलांकडून एक. तुमच्या एका जनुकात एक अक्षर बदललेलं आहे. ते असलं की लिव्हरमधली चरबी नीट बाहेर जात नाही, साठत राहते. आणि सिरोसिस झालेल्या माणसात ते असलं तर पुढं कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो." मी विचारलं, म्हणजे मला होणार? ती म्हणाली, "तसं अजिबात नाही. ज्यांच्यात हे अक्षर आहे त्यातल्या पुष्कळांना काहीच होत नाही, आणि ज्यांच्यात नाही त्यांनाही होतो. धोका जास्त आहे एवढंच. म्हणून शुगर, वजन ताब्यात ठेवायचं आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. गाठ लहान असताना सापडली की तिचं काहीतरी करता येतं." मग कागदावर बोट ठेवून म्हणाली, "तुमच्या दोन्ही प्रतींत ते आहे. म्हणजे एक आईकडून आलं आणि एक वडलांकडून."

तिला वाटलं मी आता रडेन. मी टेबलावर हात आपटला आणि हसले, इतक्या मोठ्यानं की बाहेरची सिस्टर डोकावली. तात्यांकडून! अगं, जन्मभर ते लोक तुझ्याकडं बोट दाखवत आले, हिच्या माळेचं, हिच्या माहेरचं, हिच्या कपाळाचं, आणि अर्धा वाटा त्यांच्याच घरचा निघाला. तू कुणाची कावीळ अंगावर घेतली नव्हतीस. ते तुझ्यात जन्मापासून होतं, पिंपळीचं पोर तुझ्या ओट्यावर यायच्या कितीतरी आधी. मी हॉस्पिटलमधून थेट सांगवी गाठली आणि आत्याला, जी आता वाकून भुईला टेकलीय पण जिभेला गंज चढला नाही, तिला सांगितलं. ती काठी आपटत म्हणाली, "आमच्याकडं असलं काय बी न्हाय! आमचं रगत चोख हाय." मी म्हटलं, आत्या, तुमचंही तपासून घेऊ. तेव्हा म्हातारी उठून आत गेली ती मी जाईपर्यंत बाहेर आली नाही. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण डॉक्टरीण आणखी एक बोलली होती, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. "तुमची भावंडं? त्यांच्यातही असू शकतं. निदान एकदा बघून तरी घ्या." भावंडं म्हणजे आपला धाकटा. धाकटा आता पन्नाशीच्या उंबऱ्याशी आलाय, पोट सुटलंय, ऊस बक्कळ काढतो, दारूच्या थेंबाला शिवत नाही. ते बाकांवरचं बघणं त्याच्या मनातून गेलेलं नाही. जत्रेत कुणी ग्लास पुढं केला तर उठून निघून येतो. मी त्याला सांगितलं, चल, सोनोग्राफी करून ये. त्यानं शेतातून परत येऊन पाय धुता धुता मला समजावलं, अगदी माझी कीव आल्यासारखं. "आक्का, तू माळ देतीस. आईनं दिली. मी कुठं देतो? मला कशी व्हईल?"

यावर काय बोलशील? त्याचा हिशेब चोख होता. माळ देणाऱ्याला होते, मी देत नाही, मला होणार नाही. तुझ्या त्या एका वाक्यानं त्याला असं कवच घालून ठेवलं होतं की त्यातून वारा आत जात नव्हता. मी जनुक सांगितलं, अक्षर सांगितलं, दोन प्रती सांगितल्या. पालथ्या घड्यावर पाणी. त्याची बायको दारामागून मला खुणेनं सांगत होती, जेवत नाहीत, थकतात, दुपारचं ट्रॅक्टरवरच डुलक्या घेतात. ती बिचारी माझ्याकडं बघायची, मी त्याच्याकडं, आणि तो शेताकडं. उसात लाल कूज आली की हाच माणूस उभा ऊस चिरून आतला रंग बघतो, बाहेरून हिरवागार दिसला तरी विश्वास ठेवत नाही. स्वतःच्या बाबतीत मात्र पानं हिरवी आहेत ना, मग झालं.

मग एका सकाळी तोच लासुर्ण्याला माझ्या दारात मोटारसायकल लावून उभा. डोळ्यांत किंचित पिवळट झाक. म्हणाला, "उन्हाची कावीळ झालीय, साधी. माळ बांध." डोळ्यांपुढं तात्यांचं गुळाचं ताट आलं. मी म्हटलं, बारामतीला चल. तो म्हणाला, "मी माळ मागायला आलोय, आक्का. आल्याला न्हाय म्हणायचं नसतंय. आईचा नेम हाय." तुझाच नेम माझ्या तोंडावर मारला त्यानं. ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं. मी चुलीवरचं दूध उतू जाऊ दिलं आणि विचार केला. मग म्हटलं, बरं. नाही म्हणत नाही. रविवारी सांगवीला येते, तुझ्याच ओट्यावर बांधते. पण दोन बांधणार. एक तुला, एक खुंटीला.

"खुंटीला?" तो हसायला लागला. मी म्हटलं, खुंटीला. एकाच जुडीच्या काड्या, एकच दोरा, माझीच गाठ. तुझी उतरली आणि खुंटीची नाही उतरली, तर माळ खरी, आईनं घेतलं ते खरं, मी घेतलं ते खरं, आणि परत तुझ्यापुढं सोनोग्राफीचं नाव काढणार नाही. पण खुंटीचीही उतरली, तर माळ कुणाची कावीळ उतरवत नाही. आणि उतरवतच नसेल, तर आईच्या अंगात ती शिरली कुठून? तुझ्यात नाही हे तू कशावरून म्हणतोस? तेव्हा गुपचूप माझ्याबरोबर यायचं. त्यानं मोटारसायकलला किक मारली आणि म्हणाला, "कबूल. खुंटीला कधी कावीळ झालीय व्हय!"

रविवारी ओट्यावर बसायला जागा नव्हती. शेजारचे तात्याबा सगळ्यात पुढं, मिशीत हसत. मी बोलत बोलत काड्या तोडून आणल्या होत्या, मुद्दाम, वाटेत भेटेल त्याला रामराम घालत. सगळ्यांसमोर तुकडे केले, दोन माळा बांधल्या, एक धाकट्याच्या डोक्यावर ठेवली, खुंटीवरची ट्रॅक्टरची किल्ली काढून दुसरी तिथं अडकवली, आणि जिथवर ती लोंबत होती तिथं भिंतीवर कोळशानं रेघ ओढली. तात्याबा म्हणाले, "मास्तरीणबाई, खुंटीला पथ्य सांगितलं का? तेलकट खायाची ती." सगळे फिदीफिदी. मी म्हटलं, सांगितलंय, उन्हातपण जाणार नाही ती, तुम्ही काळजी करू नका. आत्या मात्र आतून ओरडली, "आईची ईटंबना करतीया ही, बगा रं!" त्या एका वाक्यानं हसणं थांबलं. मी हाताला लागलेली भिंतीची धूळ पुसत बसले.

तो आठवडा मी शाळेतून रजा काढून सांगवीतच राहिले. धाकटा रोज सकाळी किल्ली शोधत हिंडायचा आणि खुंटीला शिव्या द्यायचा. त्याचं कडं हळूहळू कपाळावरून सुटलं, कानावर आलं, गळ्यात आलं. मी त्याच्याकडं बघायचे आणि मग भिंतीकडं. पहिल्यांदा काही फरक दिसेना. मग रेघेच्या खाली बोटभर. मग वीतभर. घेटुळी वाळली की आकसते, आई. तुकडा बारीक होतो, गाठ सैल पडते, दोरा सुटा होतो आणि माळ लांबते. "सरकंल अशी मार." त्या गाठीतच सगळं होतं. तुला ते माहीत होतं की नव्हतं, हे मी रोज खुंटीखाली बसून स्वतःला विचारत होते. मला वाटतं नव्हतं. तुझ्या आईनं तुझ्या हातावर चापट मारून शिकवलं, तू माझ्या हातावर मारून शिकवलंस, आणि का सरकायला पाहिजे हे आपल्यात कुणी कुणाला विचारलं नाही.

पुढच्या रविवारी धाकट्याची माळ पोटावर होती आणि खुंटीची पार खाली ओट्याच्या फरशीला टेकायला आलेली. खुंटीनं बाजी मारली होती. कुणी हसलं नाही. तात्याबांनी जवळ येऊन माळ दोन बोटांत धरून बघितली आणि म्हणाले, "आरं, माझ्या पोराला तुमच्या आईनं हीच घातली व्हती." मी म्हटलं, तात्याबा, पोरगा वाचला ना? साधी कावीळ पडून राहिलं की बहुतेक वेळा आपोआप जाते. आईनं त्याला शेतातून उठवून घरात झोपवला, तेवढं तिचंच. त्यांनी मान हलवली आणि चपला घातल्या. धाकट्यानं गळ्यातली माळ काढली, हातात गोळा केली, कुठं ठेवावी ते त्याला कळेना. मग बायकोला म्हणाला, "माझा इस्त्रीचा सदरा काढ."

गाठ होती. लिव्हर घट्ट झालेलं आणि त्यात लहानशी गाठ, बोराच्या बीएवढी. डॉक्टरीण म्हणाली, लहान आहे, आताच सापडली हे फार चांगलं झालं. तिनं पुण्याला पाठवलं, तिथं सोनोग्राफीत बघत बघत सुई घालून गाठ जाळली, पोट फाडलंही नाही. त्याचं रक्तही तपासलं त्यांनी. गंमत ऐक. माझ्या दोन्ही प्रतींत ते अक्षर, आणि माझी सोनोग्राफी आजवर स्वच्छ. त्याच्या एकाच प्रतीत, आणि गाठ त्याला. आता लावा कुणीतरी पंचांग काढून याचा अर्थ! म्हणून मला कुणी कपाळात लिहिलेलं आहे म्हटलं की मी भडकते. लिहिलेलं असतं, नाही म्हणत नाही, पण ते लिखाण म्हणजे निकाल नव्हे. दर सहा महिन्यांनी आम्ही दोघं बारामतीला जातो, ओल्या जेलचं ते थंडगार बोट पोटावर फिरवून घेतो, आणि सरळ बघून येतो काय लिहिलंय ते. कदाचित पुन्हा गाठ येईल, मला येईल किंवा त्याला येईल, माहीत आहे मला. येऊ दे. या वेळी माळेकडं बघत बसणारं कुणी नाही.

गावातल्या काही बाया अजून माझ्याशी बोलत नाहीत. एक तर बाजारात गाठून म्हणाली, "आईचं नाव बुडवलंस." मी म्हटलं, आईचं नाव माळेत नव्हतं, ओट्यावर होतं. आल्याला नाही म्हणायचं नाही, हे नाव. ते मी चालवतेय. रविवारी अजून माणसं येतात, थोडी, पण येतात. मी डोळे बघते, पोट बघते, घरात कुणाला काय होतं ते विचारते, सगळ्यात आधी तेच विचारते. आणि म्हणते, रक्त तपासून या. माळच हवी असेल तर गाठ शिकवते, घरी बांधा, एक माणसाला घाला आणि एक खुंटीला.

हे लिहिलेलं मी कालव्यात सोडणार होते, जिथं तुझ्या सगळ्या माळा जायच्या. मग वाटलं, नको, कुणाच्या तरी पाटात अडकेल आणि आत्याच्या हाती पडेल. कपाटात तुझ्या लुगड्याखाली ठेवते.

भांडून झालं. आता एकच राहिलं, ते धाकट्यालाही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही, कारण त्या पैजेवर त्याचा जीव टांगलेला होता हे मला पुरतं कळत होतं. त्या आठवड्यात मी रोज सकाळी तोंडसुद्धा न धुता ओट्यावर यायचे, भिंतीवरची ती कोळशाची रेघ बघायचे, आणि आई, मनातून मला वाटायचं, खुंटीची उतरू नये.